मे महिन्यातलं ऊन, फेब्रुवारीतलं द्राक्ष

तर मंडळी, या शनिवारचा विषय द्राक्ष आहे, पण सुरुवात चहापासून करावी लागणार.

झालं असं, की कुणीतरी ऑनसाईटहून येताना जपानी ग्रीन टीचं खोकं आणलं आणि पॅन्ट्रीत ठेवलं. त्यावर लिहिलेलं, हा चहा सावलीत वाढवलेला आहे. टीममधला एकजण म्हणाला, "सावलीत म्हणजे? आपल्यासारखा, क्यूबिकलमध्ये?" झालं. काम राहिलं बाजूला आणि शोधाशोध सुरू.

क्योटोजवळच्या उजी भागात चहाच्या मळ्यावर तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे छत घालतात. पूर्वी बोरू आणि भाताचा पेंढा असायचा, आता काळी जाळी. पद्धत सोळाव्या शतकापासूनची, पण तिच्यामागचं रसायनशास्त्र विसाव्या शतकात उलगडलं. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं एक अमिनो आम्ल तयार होतं आणि तिथून ते पानात चढतं. (जपानी शास्त्रज्ञांना ते १९४९ साली सापडलं तेही ग्योकुरो या सावलीतल्या चहातच.) पानावर ऊन पडलं की थिअनिन मोडतं आणि त्यातला कच्चा माल कॅटेचिन नावाचे तुरट पदार्थ बनवायला जातो. ऊन अडवलं की थिअनिन तसंच राहतं, कॅटेचिन कमी बनतं, आणि चहा गोडसर लागतो. अंधारात पान जास्त हिरवंही होतं, कारण मिळेल तेवढा प्रकाश पकडायला ते हरितद्रव्य वाढवतं. म्हणजे झाड तेच, माती तीच, खत तेच. शेवटचे वीस दिवस फक्त दिवा मंद केला आणि मालाची किंमत कुठल्या कुठे गेली!

पुढचा प्रश्न ओघानेच आला. मग आपल्या भीमाशंकरला चहा का होत नाही? आंबेगाव तालुक्याची पश्चिम बाजू म्हणजे डोंगर, धुकं, लाल माती आणि धो धो पाऊस. मुन्नारला अजून वेगळं काय असतं?

उत्तराचा एक भाग सोपा आहे. भीमाशंकरचा पाऊस चार महिन्यांत सगळा पडून मोकळा होतो आणि नंतरचे आठ महिने कोरडे जातात. चहाला वर्षभर थोडं थोडं पाणी हवं. दुसरा भाग मला जास्त आवडला. आसामात असं दिसून आलं, की दिवस साधारण सव्वाअकरा तासांपेक्षा लहान झाला आणि सहाएक आठवडे तसाच राहिला की चहाचं झुडूप झोपी जातं, नवी पालवी देत नाही. मुन्नार १० अक्षांशावर, तिथला दिवस डिसेंबरातही साडेअकरा तासांच्या खाली फारसा जात नाही. जुन्नर १९ अंशांच्या किंचित वर. आपला डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे कुणी हौसेने ठिबक टाकून जुन्नरला चहा लावलाच, तरी तो नोव्हेंबर ते जानेवारी झोपा काढणार.

असो. चहा नाही, पण उजीवाल्यांइतकाच काटेकोर प्रकाशाचा हिशोब आमच्या जुन्नरला होतो, आणि तो द्राक्षाच्या बागेत होतो. माझं आजोळ नारायणगावजवळचं. मामाची तीन एकर बाग. (खोडदच्या त्या मोठ्ठ्या डिश, म्हणजे जीएमआरटी, मामाच्या शिवारातून दिसतात. त्या मीटरभर तरंगलांबीचा प्रकाश पकडतात, मामा नॅनोमीटरवाला. दोघंही ढगांबद्दल बोलतात, पण त्रास फक्त मामालाच होतो.) लहानपणी सुट्टीत बागेत हुंदडले तेव्हा हे काही कळत नव्हतं. एप्रिलमध्ये सगळी बाग बोडकी केलेली असायची आणि मला वाटायचं, बाग मेली.

त्या बोडक्या बागेचा इतिहास मोठा मजेदार आहे.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिकडे तिचं वर्ष सरळ असतं: वसंतात फुटायचं, उन्हाळ्यात वाढायचं, शरदात पिकायचं, हिवाळ्यात पानं गाळून झोपायचं. महत्त्वाची गोष्ट अशी, की यंदा पिकणारा घड यंदा जन्मलेला नसतो. तो गेल्या उन्हाळ्यात काडीवरच्या डोळ्यात, डोळा म्हणजे कळी, सूक्ष्म रूपात तयार होऊन बसलेला असतो. एक वर्ष आधीच कंपाईल केलेला, रन मात्र पुढच्या सीझनला.

आता ही वेल दख्खनमध्ये आणली की घोटाळा. इथे हिवाळा नावापुरता. पानं गळत नाहीत, वेल झोपत नाही, वर्षभर फुटत राहते. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्याने नोंदवून ठेवलंय. त्याला ते नवल वाटलं असणार, कारण तो ज्या देशांतून आला तिथे द्राक्ष एकदाच.

पण दोनदा फळणं ही काही चैन नव्हती. १८८०च्या दशकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्याकडच्या द्राक्षाचं वर्णन आहे. तेव्हा वेल पांगाऱ्याच्या छाटलेल्या खुंटावर चढवत. पिकं दोन, एक पावसाळ्यातलं आंबट आणि दुसरं हिवाळ्यानंतरचं गोड. आणि आंबट पीक शेतकरी वाढू देत नसत. पावसाळ्यात पिकणाऱ्या मण्यात साखर कुठून भरणार? ढगांखाली पानाची कमाईच कमी, शिवाय रोग. आजही ऑक्टोबरच्या छाटणीला आमच्याकडे 'गोडी छाटणी' म्हणतात. या शब्दामागे एक आंबट जुळा भाऊ होता हे मला गॅझेटियर वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

तो आंबट बहार हळूहळू संपला, पण त्याची छाटणी राहिली. तिचंच नाव खरड छाटणी. आजचं कॅलेंडर असं: फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघाला की वेलीला थोडी विश्रांती, मग एप्रिलच्या आसपास सगळ्या काड्या अगदी ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या हातापर्यंत, खरडून टाकायच्या. नवे फुटवे येतात, त्यांच्या काड्या होतात. ऑक्टोबरमध्ये त्याच काड्या ठरावीक डोळ्यावर छाटायच्या, की त्या डोळ्यातून घड बाहेर. वर्षात दोन छाटण्या आणि एकच पीक. बाहेरून आलेल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं. निम्मं वर्ष नुसतं लाकूड वाढवण्यात घालवायचं?

आणि इथेच प्रकाश येतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटणी धरली तर हे दिवस कोणते? मे महिन्याचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा. दख्खनमधलं वर्षातलं सगळ्यात कडक, लख्ख, ढग नसलेलं ऊन. पुण्यात मोसमी पाऊस येतो साधारण १० जूनच्या आसपास. म्हणजे खरड छाटणी ही खरं तर छाटणी नाहीच, ती जन्मतारीख ठरवायची युक्ती आहे. घडाचा जन्म पावसाळ्याच्या अंधारातून काढून मे महिन्याच्या उन्हात आणून ठेवायची. ज्या पिढ्यांनी ही पद्धत घडवली त्यांच्याकडे लक्स मीटर नव्हते. कोणती काडी फळते आणि कोणती वांझ राहते, एवढंच ते पाहत आले. डेटा होता, थिअरी नव्हती.

थिअरी आली ऑस्ट्रेलियातून. व्हिक्टोरिया राज्यात मर्बिन नावाचं गाव आहे, तिथलं द्राक्ष सुलताना. हे सुलताना म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं थॉमसन सीडलेस. तिथल्या दोन शास्त्रज्ञांनी वाढत्या वेलींवर ठरावीक काळ सावली केली आणि मग पुढच्या हंगामाची वाट पाहिली. १९६३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: डोळे घडत असताना सावली पडली, तर पुढच्या वर्षी घड कमी. दोघांची नावं अँटक्लिफ आणि (खरंच सांगतेय) मे. १९६९-७०च्या सुमारास बट्रोझ नावाच्या शास्त्रज्ञाने हेच काम नियंत्रित खोल्यांमध्ये, दिवे आणि तापमान बदलून बदलून केलं. प्रकाशाची तीव्रता वाढवली की डोळ्यातल्या सूक्ष्म घडांची संख्या वाढते, आणि प्रत्येक जातीची भूक वेगळी असते, हे त्यातून स्पष्ट झालं.

ही भुकेची गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची. आपल्याकडच्या जुन्या जाती म्हणजे भोकरी, फकडी. पुण्यात गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रावर डॉ. चीमांनी पंढरी साहेबीतून निवडून काढलेली चीमा साहेबी आली. (लखनौ-४९ म्हणतात तो सरदार पेरूसुद्धा याच चीमांच्या हातचा आणि याच केंद्रावरचा. विद्यापीठाजवळून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?) या सगळ्या बियावाल्या जाती. १९६०नंतर थॉमसन सीडलेस पसरलं आणि बाजार बिनबियांच्या द्राक्षाचा झाला. पण थॉमसन मोठं नखरेल. त्याचे काडीच्या बुडाकडचे डोळे बहुधा वांझ असतात. भोकरीला कसंही चालायचं, याला उजेड मोजून द्यावा लागतो. तासगावचं तास-ए-गणेश, सोलापूरकडचं सोनाका ही थॉमसनचीच लेकरं, आणि नखरे बरेचसे आईचेच.

डोळ्यात नेमकं होतं काय? सुरुवातीला एक इवलासा उंचवटा तयार होतो, आणि तो काय व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी होऊ शकते. बाळी म्हणजे वेलीचा तो स्प्रिंगसारखा तणावा. घड आणि बाळी हे मुळात एकच अवयव आहेत, हे वाचून मी थक्क झाले होते. १९७८ साली श्रीनिवासन या भारतीय शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात मलिन्ससोबत काम करताना, वेगळ्या काढलेल्या बाळ्यांना सायटोकायनिन हे संप्रेरक देऊन त्यांच्यापासून फुलोरा मिळवून दाखवला. म्हणजे स्विच आहे. सायटोकायनिन वरचढ असेल तर घड, जिबरेलिन वरचढ असेल तर बाळी. भरपूर ऊन, ऊब आणि माफक पाणी मिळालं की पारडं घडाकडे झुकतं. ढग, गारवा, जास्त पाणी आणि नत्राने माजलेला हिरवा विस्तार यांनी बाळीकडे. अर्धवट झुकलं तर ऑक्टोबरमध्ये बाहेर आलेला छोटासा घड चार दिवसांत वाळतो किंवा त्याची बाळी होते. याला आमच्याकडे 'घड जिरणे' म्हणतात. काय नेमका शब्द आहे! डोळ्यांसमोर आलेली गोष्ट झाडातच परत जिरून जाते.

सावली फक्त ढगांचीच असते असं नाही. द्राक्षाचं एक पान त्याच्यावर पडलेल्या उपयुक्त प्रकाशातला दहा टक्क्यांहूनही कमी भाग खाली जाऊ देतं. दोन पानांखाली जवळजवळ रात्रच. अमेरिकेत नेल्सन शॉलिस याने १९६६ साली वेलीचा विस्तार दोन पडद्यांमध्ये वाटून देणारी रचना मांडली ती याचसाठी, आतल्या डोळ्यांना ऊन मिळावं म्हणून. आपल्याकडे जुनी पद्धत मांडवाची. मांडव दिसायला सुंदर, खाली खाट टाकून झोपायला तर स्वर्ग. पण खाली झोपायला इतकं गार वाटतं याचाच अर्थ खालच्या काडीला काही मिळत नाही. आता अनेक बागांत वायच्या आकाराचे लोखंडी अँगल दिसतात. मामाने मांडव काढून वाय केला तेव्हा आजी खूप हळहळली होती. खरड छाटणीनंतर फुटवे विरळणे, शेंडा मारणे, काड्या तारेवर सुट्या सुट्या बांधणे, ही सगळी मे महिन्यातली मजुरी म्हणजे एका डोळ्याच्या वाटचं ऊन दुसऱ्या पानाने खाऊ नये यासाठीचा बंदोबस्त.

एवढं करूनही ऊन कमी पडलं तर? तर बाजारात बाटली मिळते. आणि ही बाटलीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

क्लोरमेक्वाट क्लोराईड, शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी. हे रसायन झाडात जिबरेलिन बनणं रोखतं. काडीची लांबड वाढ थांबते, पेरं आखूड होतात, आणि स्विच घडाकडे झुकतो. म्हणजे जे काम मे महिन्यातलं ऊन करतं, त्याच दिशेने हे ढकलतं. एक प्रकारचं बाटलीबंद ऊन. एप्रिलच्या हंगामात ते फवारायची शिफारस होती, वर्षानुवर्षं लोक फवारत होते. फळ यायला अजून आठ-दहा महिने, तोवर कुठलं राहतंय, असा सगळ्यांचाच समज.

२०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. वेलीने ते काडी-खोडात साठवून ठेवलं होतं आणि पुढे मण्यात उतरवलं होतं. निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत तोपर्यंत त्याचं नावच नव्हतं, त्यामुळे इथून निघताना माल 'पास' होता. कंटेनर युरोपातल्या बंदरांवर अडकले. द्राक्ष ही काही गोदामात ठेवून वाट पाहायची वस्तू नाही. निर्यातदारांचे पैसे अडकले आणि त्यांच्यामागे शेतकऱ्यांचे. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात वाईट गोष्ट ही, की शेतकऱ्याने चोरून काही केलं नव्हतं. त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने केलं. टेस्ट केसच लिहिलेली नव्हती आणि बग प्रॉडक्शनमध्ये सापडला, तर शिव्या कुणाला बसतात हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

त्यानंतर सीसीसीचं नाव तपासणीत आलं, आणि निर्यात करणाऱ्यांनी बाटली बाजूला ठेवली. याचा एक परिणाम असा झाला, की मे महिन्यातल्या खऱ्या उन्हाची किंमत पुन्हा वाढली. तारीख चुकली तर आता सावरायला हाताशी फारसं काही उरत नाही.

मामाची तारीख एका वर्षी चुकली. मार्चमध्ये व्यापारी दर पाडून मागत होते, मामा थांबला. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. माल वेलीवर लटकलेला. शेवटी माल निघाला तो एप्रिल सुरू झाल्यावर, आणि वेलीला विश्रांती देऊन खरड छाटणी झाली ती महिनाअखेरीस. आता करा हिशोब. ४० ते ६० दिवस म्हणजे जूनचा दुसरा आठवडा ते महिनाअखेर. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. गावात सगळे खूश, पाऊस वेळेवर आला म्हणून. मामा ओट्यावर बसून आभाळाकडे बघत होता.

गोडी छाटणीच्या आधी डोळे तपासून घेतात. बागेतून नमुन्याच्या काड्या आणायच्या, एकेक डोळा ब्लेडने उभा कापायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, आत घड आहे की नाही, आणि असेल तर कितव्या डोळ्यात. छाटणी त्यावरून ठरते. मी त्या वेळी गणपतीच्या सुट्टीला गेले होते, मामासोबत तपासणीला गेले. तपासणाऱ्या माणसाने मलाही बघू दिलं. चांगल्या डोळ्यात मधोमध एक छोटासा, गुठळ्यांचा, कोबीच्या गड्ड्यासारखा आकार दिसतो. तो घड. पुढच्या डोळ्यात काहीच नव्हतं, नुसती पानांची गुंडाळी. पुढच्यातही नाही. दहा काड्यांपैकी चारांत काही नव्हतं. मामा काही बोलला नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "अगं, मार्चमध्ये किलोला दोन रुपये वाचवायला थांबलो होतो." त्या वर्षी त्या प्लॉटमधून औषधांचा खर्चही नीट निघाला नाही. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं आणि धाकट्या मामेभावाची इंजिनिअरिंगची फी आईने भरली. हे लिहिताना थोडं अवघड वाटतंय, पण मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते आकड्यांत सांगायचं तर असं सांगावं लागतं.

त्यानंतर मामाने दराची वाट पाहणं सोडून दिलं आहे. मार्चच्या मध्यापर्यंत येईल त्या भावाने बाग मोकळी करायची. कुकडीच्या पाण्यावर त्याने शेततळंही केलं, कारण खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात पाणी नसेल तर फुटवे नुसतेच करपतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे, ही पाच धरणं नसती तर मे महिन्याचं हे ऊन जुन्नरच्या पूर्व भागाला शापच होतं. आपल्याकडे ऊन फुकट असतं खरं, पण ते वापरायचं तर पाणी लागतं आणि ते फुकट नसतं.

बरं, आता उन्हाची दुसरी बाजू. मे महिन्यात ज्या उन्हाच्या मागे धावायचं, त्याच उन्हापासून डिसेंबर-जानेवारीत घड लपवायचा असतो. इथे आमचं द्राक्ष चहाच्या अगदी जवळ येतं.

चहातलं तुरट कॅटेचिन आणि काळ्या द्राक्षाचा रंग, म्हणजे अँथोसायनिन, ही एकाच रासायनिक घराण्यातली मंडळी. दोन्हीकडे प्रकाश पडला की कारखाना जोरात चालतो. मामाच्या काळ्या द्राक्षाच्या प्लॉटमध्ये मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागला, की घडाभोवतीची थोडी पानं काढतात. हवा खेळते, उजेड आत जातो, रंग एकसारखा यायला मदत होते. वाईनवाल्यांचं तर सगळं शास्त्रच यावर उभं आहे. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड स्मार्ट यांनी १९९१ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच 'वाईनमधला सूर्यप्रकाश' असा काहीसा होतो. नारायणगावला १९८०च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन काढली होती, 'ओमर खय्याम' या नावाने ती इंग्लंडातही विकली गेली. कंपनी आता नाही. गावात त्याच्या गोष्टी मात्र अजून ऐकायला मिळतात.

पांढऱ्या द्राक्षाचं गणित उलटं. पांढरं द्राक्ष हे मुळात काळ्याचंच बिघडलेलं रूप. रंग बनवणारा कारखाना शाबूत आहे, पण तो सुरू करणारं बटण निकामी. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की एक उडता जीन नेमका त्या बटणात येऊन बसला आणि ते बंद पडलं. पण जुन्नरच्या थंडीत, रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरला आणि दुपारी लख्ख ऊन तापलं, की थॉमसनचे मणी हलके गुलाबी व्हायला लागतात. याला 'पिंक बेरी' म्हणतात. चवीत फरक नसतो हो, खाऊन बघा! पण युरोपच्या ग्राहकाला पांढरं द्राक्ष हिरवटच हवं, गुलाबी घड बाजूला काढला जातो आणि त्याचा भाव लोकल मार्केटचा होतो.

यावर उपाय म्हणजे कागद. मण्यात पाणी उतरायच्या आधीच प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. नंतर लावून उपयोग नाही, एकदा रंग सुरू झाला की मागे फिरत नाही. ऊन अडतं, घड हिरवा राहतो, आणि फेब्रुवारीतल्या कडक दुपारी मणी भाजतही नाहीत. उजीला पेंढ्याचं छत, नारायणगावला रद्दी.

ही रद्दी किती लागते याचा मी एकदा हिशोब केला. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ३० घड धरले तर २९,०४० कागद. म्हणजे एका एकराला सुमारे एकोणतीस हजार वेळा हात वर करून घड गुंडाळायचा आणि काढणीला तेवढ्याच वेळा सोडायचा. हे काम करायला बाहेरून टोळ्या येतात, बायका जास्त, आणि त्या ज्या वेगाने ते करतात ते एकदा उभं राहून बघण्यासारखं असतं. मी अर्धा तास करून पाहिलं, दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर हात उचलेना. रद्दी मंचरहून, पुण्याहून, मिळेल तिथून किलोवर येते. मामीचं एक वेगळंच काम असतं. कागद बागेत जाण्याआधी ती ओट्यावर गठ्ठा घेऊन बसते आणि न सोडवलेली शब्दकोडी फाडून बाजूला ठेवते.